पुन्हा कॉलेजला जावं म्हणतो

खानापूर, रविवार

प्रिय दोस्ता,

तुझा फोन आला तेव्हा पाळीवर होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून सवडीने लिहितोय.

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, बारा वर्षं झाली. साच्याची वाळू मुठीत दाबायची, गोळा मोडून बघायचा. कड स्वच्छ तुटली की ओलावा बरोबर. आता यंत्राआधी माझा हातच सांगतो. काम वाईट नाही रे, पण निवृत्तीपर्यंत हेच, असं मनात आलं की पोटात खड्डा पडतो.

तू एमबीए म्हणालास. दूरशिक्षणाने होईल, नोकरीही राहील. पण त्याच कारखान्यात केबिन मिळवण्यापलीकडे त्यातून मला काय हवंय, तेच सापडत नाही. बायको बी.एड. म्हणते. दोन वर्षं, वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिकवायला आवडेलच, पण आपल्या मराठी शाळेचा पट गेल्या खेपेला तूच पाहिलास.

मन एलएल.बी.कडे ओढतंय. गेल्या महिन्यात शेजारचे काका शेताचा उतारा घेऊन आले. सगळा कन्नडमध्ये. मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. सर्व्हे नंबर, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि बँकेचा बोजा! कर्ज फेडून चार वर्षं झालेली. काका दरवर्षी उतारा काढून, घडी घालून पेटीत ठेवत होते, त्यांना पत्ताच नव्हता. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. काकांना आज आपल्या भाषेत समजावून सांगणारा वकील हवाय. शाळेत रडतखडत शिकलेलं कन्नड माझ्याकडे आहे.

आता अडचण ऐक. तीन वर्षं, रोजचे वर्ग, 70 टक्के हजेरी; दूरशिक्षण चालत नाही. मग बारची परीक्षा. पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवून वकिली करता येत नाही, म्हणजे अडतिशीत कुणाच्या तरी हाताखाली ज्युनियर, मिळेल त्यात भागवायचं. घराचे हप्ते अजून सहा वर्षं. बायको म्हणाली, "माझ्या पगारात ओढू, पण मधेच सोडायचं नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी कॉलेज, दुपारची पाळी असं जमेल का, हे उद्या मॅनेजरसाहेबांना विचारणार आहे. तुला ह्यात काही खटकत असेल तर आत्ताच सांग, माझं मन राखू नकोस. आणि माझी बी.एस्सी.ची मार्कलिस्ट तुझ्याकडच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिलीय, ती तेवढी शोधून पाठव.

तुझाच,
दोस्त