'द फिफ्थ एलिमेंट'ला टाइमपास म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सायफाय सिनेमांवर लेख आला होता, त्यात 'द फिफ्थ एलिमेंट'च्या वाट्याला एकच ओळ आली, डोकं बाजूला ठेवून बघायचा रंगीबेरंगी टाइमपास, बस एवढंच. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. १९९७ चा हा सिनेमा लोक आजही परत परत बघतात, त्यातले डायलॉग एकमेकांना ऐकवतात, त्यातल्या पात्रांसारखे कपडे शिवून घालतात, आणि इतकी वर्षं टिकलेली माया टाइमपासवर बसत नाही हो. टाइमपास सिनेमा संपला की माणूस विसरून जातो, हा विसरला जात नाही, आणि का विसरला जात नाही तेच मला सांगायचंय.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवात १९१४ च्या इजिप्तमध्ये, मग थेट २२६३ चं न्यूयॉर्क. दर पाच हजार वर्षांनी एक दुष्ट शक्ती येते, तिला थांबवायला पाणी, अग्नी, पृथ्वी, वायू यांचे चार दगड लागतात आणि पाचवं तत्त्व, म्हणजे लीलू नावाची मुलगी. ती प्रयोगशाळेतून पळते, उंच इमारतीवरून उडी मारते आणि छप्पर फोडून कॉर्बेन डॅलसच्या उडत्या टॅक्सीत पडते. पुढे दोघं मिळून जग वाचवतात. गोष्ट म्हणून साधीच आहे, लहान मुलाला सांगितली तरी कळेल अशी, आणि ते दिग्दर्शक ल्यूक बेसाँने लपवलेलंही नाही कारण ही गोष्ट त्याने स्वतः शाळकरी वयात लिहायला घेतली होती आणि सिनेमा आला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. एखादी कल्पना माणूस वीस वर्षं सोडत नाही, तेव्हा ती पडद्यावर वेगळीच दिसते.

पण लोक प्रेम करतात ते त्या गोष्टीच्या आजूबाजूला जे काही भरलंय त्याच्यावर. कॉर्बेनची ती खोली आठवा. जेमतेम पाय पसरता येतील एवढी जागा, पलंग भिंतीत जातो, फ्रिज खाली गेला की त्याच जागी शॉवर येतो, सिगारेट सोडायची म्हणून दिवसाचा कोटा भिंतीवरच्या मशीनमध्ये लावलेला आणि त्या सिगारेटी अशा की जवळजवळ सगळा फिल्टरच, तंबाखू टोकाला नावापुरती. आईचा फोन येतो आणि ती बोलतच राहते. लायसन्सचे पॉइंट्स संपत आलेत. जेवण घेऊन एक माणूस उडती होडी थेट खिडकीला लावतो आणि तिथेच गप्पा मारतो. विमानतळावर सफाई कामगारांच्या संपामुळे कचऱ्याचे ढीग. आता मला सांगा, अडीचशे वर्षांनंतरचं जग दाखवताना कचऱ्याचा संप कोणाला सुचतो? ज्याला तिथे माणसं खरंच राहतात असं वाटतं त्यालाच सुचणार ना. बहुतेक सायफाय सिनेमांत भविष्य एकतर चकाचक आणि रिकामं असतं नाहीतर काळंकुट्ट आणि निराश, इथे ते दाटीवाटीचं आहे, गोंगाटाचं आहे, भाड्याची चिंता तशीच आहे आणि तरी त्यात मजेत जगता येईल असं वाटतं. हे मिळणं फार अवघड आहे, म्हणून लोकांना तिथे परत परत जावंसं वाटतं.

आणि हे जग आपोआप नाही उभं राहिलं, ते कागदावर आधी चितारलं गेलं. मोबियस या नावाने चित्रं काढणारे जाँ जिरो आणि 'व्हॅलेरियन' कॉमिक्सचे जाँ-क्लोद मेझिएर, फ्रेंच कॉमिक्सची ही दोन मोठी माणसं, तरुणपणी पॅरिसच्या आर्ट स्कूलमध्ये एकत्र शिकलेले मित्र. बेसाँने दोघांनाही बोलावून चित्रं काढायला बसवलं. मध्ये पैसे जमेनात म्हणून काम थांबलं, बेसाँने दुसरा सिनेमा केला, मेझिएर आपल्या कॉमिक्सकडे परत गेले आणि १९९४ च्या त्यांच्या पुस्तकात उडती टॅक्सी आली. सिनेमाचा नायक आधी कारखान्यात काम करणारा होता, ती टॅक्सी बघून बेसाँने त्याला टॅक्सीवाला केलं! म्हणजे आज त्या सिनेमाचं नाव घेतलं की सगळ्यात आधी जी पिवळी टॅक्सी डोळ्यासमोर येते ती एका कॉमिक्सवाल्याच्या पेनातून आलेली आहे, आणि तुमच्या लेखात मेझिएर यांचं नाव नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. मोबियस २०१२ मध्ये गेले, मेझिएर २०२२ मध्ये.

शहर उभं करताना इमारतींची लहान मॉडेल्स बनवली होती, मूळ आकाराच्या २४ व्या भागाएवढी, आणि त्यावर कॉम्प्युटरने गाड्यांची गर्दी चढवली. १९९७ चे बरेचसे कॉम्प्युटर इफेक्ट्स आज बघवत नाहीत पण हा टॅक्सीचा पाठलाग आजही टिकलाय, कारण त्या इमारतींवर खरा प्रकाश पडलाय. ब्रिटनच्या बाफ्टाचा स्पेशल इफेक्ट्सचा पुरस्कार यालाच मिळाला होता.

कपडे फ्रेंच फॅशन डिझायनर जाँ पॉल गोतिए यांचे. एकट्या माणसाने नऊशेच्या वर पोशाख डिझाइन केले, आणि नुसते हिरो-हिरॉइनचे नाही, मागून चालत जाणाऱ्या माणसाचासुद्धा विचार करून, शूटिंगच्या वेळी गर्दीतल्या लोकांचे कपडे ते स्वतः नीट करायचे असं सांगतात. म्हणूनच सिनेमा कुठेही थांबवा, कोपऱ्यातल्या माणसाकडे बघा, काहीतरी सापडतंच. चाहते हेच करतात, दहाव्यांदा बघताना मधली माणसं सोडून कडेला बघतात.

आता दिवाच्या, म्हणजे ऑपेराच्या त्या बड्या गायिकेच्या, गाण्याबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते सिनेमाचा जीव तिथे आहे. अवकाशातल्या एका आलिशान जहाजावर ऑपेरा हाऊस, स्टेजवर निळ्या कातडीची, डोक्यावरून शुंडा लोंबणारी दिवा प्लावालगूना येते आणि गायला लागते. पडद्यावर दिसते ती अभिनेत्री मायवेन, आवाज आहे अल्बानियाची सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी, गायिका इन्वा मुला हिचा. सुरुवात डोनिझेत्तीच्या १८३५ च्या 'लुचिया दि लाम्मेरमूर' या ऑपेरातल्या गाण्याने होते, लुचिया वेडी होते तिथलं ते गाणं, आणि ते इतक्या गंभीरपणे, इतकं सुंदर गायलंय की हसायला आलेला प्रेक्षकही गप्प होतो. मग संगीतकार एरिक सेरा अचानक ताल टाकतो, आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर असा उड्या मारायला लागतो की माणसाच्या गळ्याला जमूच नये, सेराने काही जागा मुद्दाम तशाच लिहिल्या होत्या, परग्रहावरची बाई गातेय म्हटल्यावर माणसाला सहज जमेल असं कशाला लिहायचं! आणि त्याच वेळी दुसरीकडे लीलू एकटी मँगलोर नावाच्या परग्रहवासी सैनिकांना बडवतेय, तिची प्रत्येक लाथ, प्रत्येक गिरकी गाण्याच्या तालावर कापलेली. ऑपेरा, टेक्नो, मारामारी आणि नाच एकाच वेळी चाललेत आणि कुठेही ठिगळ वाटत नाही. जगभरातले गायक आजही ते गाणं गाऊन बघतात, जमलं तर टाळ्या मिळतात, नाही जमलं तरी प्रयत्न करावासा वाटतो. ज्यांनी आयुष्यात कधी ऑपेरा ऐकला नव्हता असे कितीतरी लोक या पाच मिनिटांमुळे डोनिझेत्तीपर्यंत पोचले असतील. याला डोकं बाजूला ठेवणं म्हणायचं का?

बरं, डोक्याचाच विषय निघालाय तर अजून एक सीन सांगतो. गॅरी ओल्डमनचा झॉर्ग, सिनेमाचा व्हिलन, म्हाताऱ्या फादर कॉर्नेलियसला आपलं तत्त्वज्ञान ऐकवतो, विध्वंस झाला की लोकांना काम मिळतं, तुम्ही ज्याला वाईट म्हणता त्यातूनच आयुष्य चालतं वगैरे, काचेचा ग्लास फोडून दाखवतो, तो साफ करायला छोटी छोटी मशिन्स धावत येतात. पुढच्याच मिनिटाला त्याच्या घशात चेरी अडकते. टेबलावरची सगळी बटणं दाबून होतात, एकही मशीन कामाला येत नाही, शेवटी पाठीत थाप मारायला तो म्हातारा फादरच लागतो. युक्तिवाद तिथेच संपला, कोणाला भाषण द्यावं लागलं नाही. आणि हा झॉर्ग आणि आपला हिरो अख्ख्या सिनेमात एकदाही भेटत नाहीत, एक लिफ्टपाशी येतो तेव्हाच दुसरा निघून जातो, दोघांना एकमेकांची खबरही नाही. हिरो-व्हिलन समोरासमोर न आणता मसाला सिनेमा लिहून दाखवायचा, आणि प्रेक्षकाला पहिल्यांदा बघताना ते जाणवतही नाही, याला कसब लागतं.

आला तेव्हा मात्र याच्यावर बरीच टीका झाली. १९९७ च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात याच सिनेमाने झाली, तोपर्यंतचा युरोपातला सगळ्यात महागडा सिनेमा होता, साधारण ९ कोटी डॉलर खर्च, जगभरात कमाई २६ कोटींच्या वर, म्हणजे चालला चांगलाच. पण समीक्षक दोन टोकांना. फ्रान्समध्ये दिग्दर्शन, छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनासाठी सेझार पुरस्कार मिळाले आणि अमेरिकेत वाईट कामगिरीसाठी देतात त्या रॅझी पुरस्कारांत मिला जोवोविच आणि ख्रिस टकर दोघांनाही नामांकन. बघा आता काय झालं ते. लोक ज्यांचे कपडे घालतात, ज्यांची नक्कल करतात ती हीच दोन पात्रं, केशरी केसांची लीलू आणि माइक हातात घेऊन किंचाळणारा रेडिओवाला रुबी रॉड. मिलाने लीलूची भाषा बेसाँबरोबर बसून तयार केली, काहीशे शब्दांची, आणि सराव म्हणून दोघं एकमेकांना त्या भाषेत पत्रं लिहायचे. तिने ओळखपत्र पुढे करून 'मल्टिपास' म्हटलेलं ज्याला आठवतं त्याला विचारा, की हा अभिनय वाईट होता का. आणि रुबी रॉड मला स्वतःला पहिल्यांदा कानाला त्रासदायक वाटला हे खरंय, पण त्या काळात एवढा नटलेला, एवढा घाबरट आणि तरी बायकांचा लाडका पुरुष कोणी पडद्यावर आणला होता? आज तरुण प्रेक्षक त्याच्यावर फिदा आहेत यात नवल नाही.

सगळंच डोक्यावर घ्यावं असं मी म्हणत नाही. बायकांकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ते आज खटकतं, विमानातल्या सीन्समध्ये जास्तच, आणि लीलूला सर्वांत परिपूर्ण जीव म्हणायचं आणि शेवटी तिला टॅक्सीवाल्याच्या प्रेमाच्या कबुलीची वाट बघायला लावायची हे मला पटत नाही. चाहतेही यावर आपसात वाद घालतात, घालायलाच हवेत. पण त्याच लीलूचा अजून एक प्रसंग आहे. ती माणसाचा सगळा इतिहास एबीसीडीच्या क्रमाने स्क्रीनवर वाचत असते, शेवटाकडे युद्ध या शब्दावर येते आणि चित्रांमागून चित्रं सरकत जातात, तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू गळून पडतं. इतका वेळ रंग उधळत आलेला सिनेमा तिथे थांबून विचारतो की हे असलं जग वाचवायचं तरी कशाला. याचं उत्तर म्हणून प्रेम, असं सांगणं आज अनेकांना भाबडं वाटतं, पण बेसाँने ते मान खाली न घालता सांगितलंय आणि मला त्याचा हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. लोक या सिनेमाकडे परत येतात तेही त्यासाठीच असं मला वाटतं, तो कशाचीच लाज बाळगत नाही.

प्रेक्षकांचं प्रेम किती तिखट असू शकतं त्याचं एक उदाहरण देतो. घरी थिएटर सिस्टिम बसवणारे लोक चित्र आणि आवाज तपासायला याची डीव्हीडी लावायचे, विशेषतः दिवाचा सीन. २००६ मध्ये डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणाऱ्या ब्लू-रे डिस्क सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच काही सिनेमांत हा आला, पण चित्र खराब होतं आणि चाहत्यांनी एवढा आरडाओरडा केला की २००७ मध्ये नव्याने साफ करून काढावा लागला. २०१७ ला वीस वर्षं झाली तेव्हा फोर-के, म्हणजे आणखी बारीक तपशिलाच्या चित्रात, आला, परत थिएटरमध्ये लागला. टाइमपाससाठी कोणी एवढं भांडत नाही.

मधल्या काळात इयन होम गेले, ज्यांनी फादर कॉर्नेलियस केला, आणि कॉर्बेन झालेले ब्रूस विलिस यांच्या आजाराबद्दल त्यांच्या घरच्यांनी जाहीर केलंय, त्यामुळे आता बघताना कॉर्बेनचं ते दाढी वाढलेलं, थकलेलं हसू वेगळंच लागतं मनाला.

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच की पुरवणीत अशा सिनेमांना एक ओळ नको, नीट जागा द्या, आणि लिहिणाऱ्याला सांगा की हिरोच्या नावावर थांबू नका. मोबियस, मेझिएर, गोतिए, सेरा, इन्वा मुला, छायाचित्रकार थिएरी आर्बोगास्त, कलादिग्दर्शक डॅन वेल, एवढी नावं पुढच्या अंकात छापलीत तरी मला चालेल. आणि ज्या वाचकांनी तुमचा लेख वाचून सिनेमा बघायचं टाळलं असेल त्यांनी शक्य असेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर, आवाज मोठा ठेवून बघावा आणि काय वाटलं ते तुम्हाला कळवावं, आवडला नाही तरी कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक