सईचं तिसरं वर्ष

सांगली,
रविवार सकाळ

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. तुला मीटिंग होती आणि मलाही ऐनवेळी नीट सुचेना. रात्री बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चहा झाला आणि कागद घेऊन बसले.

तू म्हणालास, सईची माँटेसरीत दोन वर्षं झाली, आता जूनपासून तिला मोठ्या शाळेत सीनियर केजीला घालतो, म्हणजे पहिलीची जागा पक्की. आणि हसत म्हणालास, "एवढी फी भरतोय आणि ती घरी येऊन दाखवते काय, तर रुमालाची घडी कशी करायची आणि नाक कसं शिंकरायचं!"

त्या नाक शिंकरण्यापासूनच सुरुवात करते. डॉ. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या कष्टकरी वस्तीत पहिलं बालगृह काढलं. आईबाप कामावर जायचे, मुलं दिवसभर जिन्यांतून हुंदडायची, भिंती खराब करायची. म्हणून चाळ बांधणाऱ्यांनीच मुलांसाठी एक खोली दिली होती. तिथे एकदा बाईंनी नाक कसं पुसायचं ते मुलांना करून दाखवलं. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता, चारचौघांत लक्ष वेधून न घेता नाक कसं साफ करायचं. मुलं अगदी टक लावून बघत होती, आणि झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना आधी कळेना. मग लक्षात आलं की या मुलांना नाकावरून आजवर फक्त बोलणी बसली होती, कसं पुसायचं ते कुणीच शिकवलं नव्हतं. सई तुला रुमालाची घडी दाखवते ना, तेव्हा ती तुला सांगते आहे की आता माझ्या नाकावरून कुणी मला टाकून बोलणार नाही. हसू नकोस रे तिला.

तुझी दुसरी तक्रार गुलाबी मनोऱ्याची. "वर्गात तीस मुलं आणि मनोरा एकच? दुसरा घ्यायला पैसे नाहीत का यांच्याकडे?" पैसे असतात. मनोरा मुद्दाम एकच ठेवतात. दहा ठोकळे, सगळ्यांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सगळ्यांत छोटा एका सेंटिमीटरचा, बोटाच्या चिमटीत मावेल एवढा. एका मुलाने सतरंजी पसरून काम सुरू केलं की ते त्याचं. दुसऱ्याने बघावं, थांबावं, त्याने ठोकळे परत फडताळात नीट लावून ठेवले की मग घ्यावं. तो छोटा ठोकळा हरवला तर उद्या कुणालाच मनोरा पुरा करता येणार नाही, म्हणून सगळा वर्ग मिळून तो शोधतो. मी स्वतः पाहिलंय, पंधरावीस पोरं पोटावर पालथी पडून कपाटाखाली बघताहेत. "मिळून राहा, वाटून घ्या" असं शंभरदा सांगून जे होत नाही ते या एका ठोकळ्याने होतं.

आता तुझ्याबद्दल. हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही.

1990 च्या जूनमध्ये तुला आपल्या गल्लीच्या टोकाच्या बालमंदिरात घातलं. तुला नुकती तीन वर्षं पूर्ण होत होती. पहिले तीन आठवडे तू कशालाही हात लावला नाहीस. खिडकीखाली बसायचास आणि बघायचास. मी रोज दाराच्या फटीतून पाहून कासावीस व्हायचे. ताईंना म्हटलं, "अहो, त्याला काहीतरी द्या ना करायला." त्या म्हणाल्या, "करतोय की तो. बघतोय." मला वाटलं, बाई काम टाळतायत.

चौथ्या आठवड्यात एक पाच वर्षांची मुलगी तुझ्यासमोर येऊन बसली. दोन वेण्या, लाल रिबिनी. तिने तुला सतरंजी गुंडाळायला शिकवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. तिने एक टोक धरलं, घडी केली, तळहाताने दाबली. मग थांबली. तू केलंस ते वाकडं झालं, एक कड बाहेर आली. ती काही बोलली नाही. पूर्ण उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून हळू करून दाखवलं. तीनदा. तिसऱ्यांदा तुझी गुंडाळी सरळ झाली. तू ती दोन्ही हातांनी छातीशी धरलीस आणि वर्गातून, बाकीच्यांच्या सतरंज्यांना वळसे घालत, कुणाच्या कामावर पाय न देता, कोपऱ्यातल्या टोपलीत नेऊन उभी केलीस. त्या दिवसापासून तू त्या शाळेचा झालास. त्या मुलीला ताईंनी पाठवलं नव्हतं. मी विचारलं होतं.

अडीच ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात का ठेवतात, याचं उत्तर मला त्या दोन वेण्यांत मिळालं. मोठ्या बाईने शिकवलं की मुलाला वाटतं, ती मोठी आहे, तिला येणारच. दोन वर्षांनी मोठ्या मुलीने शिकवलं की वाटतं, मलाही येईल.

दोन वर्षं तू तिथे बहरलास. वाटीतून वाटीत डाळ ओतलीस, काचेच्या पेल्यांतून पाणी वाढलंस, दोन पेले फोडलेस आणि केरसुणी घेऊन स्वतः काचा गोळा केल्यास, ताई शेजारी बसून राहिल्या. (काच का, स्टील का नाही, असं ऋता विचारत होती. स्टील आपटलं तरी काही होत नाही, म्हणून आपटायची सवय लागते. काच हाताला जपायला शिकवते.) खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत "क" म्हणायचास आणि संध्याकाळी माझ्या पाठीवर तोच "क" गिरवायचास.

आणि 1992 साली मी तुला तिथून काढलं.

तेव्हाही कारण हेच होतं, पहिलीची जागा. शेजारपाजारच्या सगळ्यांची मुलं चालली होती. ताई घरी आल्या, बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहाही घेतला नाही. म्हणाल्या, "वहिनी, दोन वर्षं त्याने घेतलं. आता त्याची द्यायची पाळी आली होती." मी मान हलवली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. वाटलं, एक मूल कमी होईल म्हणून आल्यात.

त्या नव्या शाळेचं नाव तुला माहीतच आहे, इथे लिहीत नाही. वर्गात साठ मुलं, सगळी एका वयाची, हाताची घडी तोंडावर बोट. पहिल्याच महिन्यात तुझ्या डायरीत लाल शाईने शेरा आला: "वर्ग चालू असताना जागेवरून उठतो." मी तुला विचारलं. तू म्हणालास, पुढच्या बाकावरच्या मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती, त्याला बांधता येत नव्हती, म्हणून उठलो. आणि निखिल, मी तुला रागावले. "आपलं आपण बघायचं, दुसऱ्याच्या नाड्या बांधायला शाळेत पाठवलंय का तुला?" हे माझे शब्द आहेत. तू पाच वर्षांचा होतास. पुन्हा तसा शेरा कधी आला नाही.

बाईंनी तर नुसता शेरा लिहिला होता. तुझं उठणं मी बंद केलं.

दोन वर्षांनी मी त्याच बालमंदिरात मदतनीस म्हणून लागले, पुढे शिक्षण घेतलं, ताई झाले. 22 वर्षं काम केलं. मी तिथे का गेले हे तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. ते "तिसरं वर्ष" म्हणजे काय असतं, ते मला बघायचं होतं. तुला जे मिळू दिलं नाही ते काय होतं, ते.

तर ऐक. सोनेरी मण्यांचं साहित्य तुला आठवतं का? सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेले दहा म्हणजे दहाची काडी, दहा काड्यांचा शंभराचा चौरस, दहा चौरसांचा हजाराचा घन. लहान मूल एक मणी आणि हजाराचा घन दोन हातांत धरतं तेव्हा हजार म्हणजे काय ते हाताला वजनानेच कळतं. या मण्यांची "बँक" असते. तिघं-चौघं तबक घेऊन येतात, चिठ्ठीवरची संख्या मागतात, मग सगळ्यांचं एकत्र करून मोजतात, दहा झाले की बँकेत जाऊन बदलून आणतात. हातच्याची बेरीज होते आणि हातचा हा शब्द कुणी उच्चारलेलाही नसतो. बँकेत बहुतेक तिसऱ्या वर्षाचं मूल बसतं. त्याला गणित पक्कं लागतंच, शिवाय धीर लागतो. समोरच्याने अकरा काड्या आणल्या तर "चुकलं" म्हणायचं नाही, "मोजू या परत" म्हणायचं. घरी चिडका म्हणून नाव झालेली मुलं त्या खुर्चीत बसून पाच-पाच मिनिटं वाट बघताना मी पाहिली आहेत.

आणि शांततेचा खेळ. सगळे डोळे मिटून बसतात. ताई दाराबाहेर जाऊन एकेकाचं नाव कुजबुजतात. ज्याचं नाव येईल त्याने आवाज न करता उठून यायचं. लहानांची नावं आधी घेतात, त्यांना धीर निघत नाही. मोठ्यांची सगळ्यांत शेवटी. आपलं नाव येणारच आहे, ताई विसरणार नाहीत, अशा भरवशावर ती पोरं बसून राहतात. बाहेर रिक्षा, भाजीवाला, नळाचं पाणी, सगळं ऐकू येत असतं. शेवटच्या मुलाचा चेहरा मी दर वेळी बघायचे. तुझा बघायचा राहिला.

ही सगळी श्रीमंतांची चैन आहे असंही तू म्हणालास. त्याचा मला राग आला, खरं सांगते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षकांनी गुजरातेत भावनगरला हे काम रुजवलं. ताराबाईंनी ते पुढे खेड्यात नेलं, 1945 साली डहाणूकडच्या बोर्डीला, आणि मग सहकारी अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत. परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं, तर शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आम्ही ताया एकदा कोसबाडला गेलो होतो, तेव्हा मी तिथली एक चपटी बी उचलून आणली, अजून देवघरात आहे. एका बाबतीत तर मला आपली माणसं बाईंच्याही पुढे गेली असं वाटतं. माँटेसरीबाईंना लहान मुलांना परीकथा सांगणं पसंत नव्हतं. गिजुभाई-ताराबाईंनी गोष्टी, गाणी, नाटुकली सगळं आत घेतलं. मी गिजुभाईंच्या बाजूची.

एक मात्र तुझं बरोबर आहे. माँटेसरी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं, आणि लावतात. म्हणून सईची शाळा मी दिवाळीत येऊन बघितली होती, तुला आठवत असेल. तासभर मागे बसले. वर्गात तिन्ही वयाची मुलं होती. घंटा वाजवून कुणाचं काम मोडलं नाही. ताई जमिनीवर बसल्या होत्या आणि हळू बोलत होत्या. सई केळं कापत होती. चकत्या करून ताटलीत मांडल्या, एकेकाजवळ जाऊन "हवं का?" विचारलं. एक मुलगा नको म्हणाला, तर ही म्हणाली, "बरं," आणि पुढे गेली. शेवटची चकती तिने स्वतः खाल्ली. शाळा चांगली आहे, निखिल.

जूनमध्ये तिथे नवी मुलं येतील. रडतील, खिडकीखाली बसून राहतील. सई त्या वर्गातली मोठी असेल. आता तिला तिथून उचललंस तर तिचीही द्यायची पाळी जाईल, तुझी गेली तशी. पहिलीच्या प्रवेशाचं एका वर्षाने बघता येईल. तेव्हा कुठेच मिळाला नाही तर मी येईन, सगळ्या शाळांत तुझ्याबरोबर चपला झिजवीन.

फीची अडचण असेल तर स्पष्ट सांग. बँकेतली माझी ठेव येत्या एप्रिलमध्ये पुरी होते, मला तिचं दुसरं काही करायचं नाही. ऋतालाही हे पत्र वाचायला दे, मी तिच्यामागे बोलले असं नको.

ती लाल शेऱ्याची डायरी माझ्याजवळ आहे. कपाटात, तुझ्या मुंजीच्या फोटोंखाली. आले की आणते. त्या नाडीबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

शेंगदाण्याची चटणी केली आहे, तिखट कमी घातलंय, सईला चालेल. गुरुवारी समोरच्यांचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याकडे डबा देते. डबा परत पाठव.

तुझी
आई