नदीचा नमुना पहाटे घ्या

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी पंचगंगेकाठी राहतो. नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली. गाऱ्हाणं नदी मोजण्याच्या वेळेबद्दल आहे.

उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी शेवाळानं हिरवं होतं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं. रात्री ते स्वतः आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू तोच ओढून घेतात. त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. मासे तेव्हाच वर येऊन तोंड वासतात. आमची जीप मात्र न्याहारी उरकून अकराच्या पुढे पोहोचायची. काठावरच बाटलीत रसायनं घालून ऑक्सिजन बांधायचा, प्रयोगशाळेत टायट्रेशन करायचं, म्हणजे थेंबाथेंबानं रसायन घालून तो मोजायचा. स्टार्चचा निळा रंग उडाला की आकडा हातात: लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर. आंघोळीच्या पाण्याची अट तेवढीच, म्हणजे नदी पास! पहाटे काय होतं, ते कोळ्यांना ठाऊक. अहवालात ते यायचं नाही.

बीओडीची गंमत वेगळी. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्याचं हे माप; बाटली ठरावीक तापमानात ठरावीक दिवस ठेवून ते घेतात. इंग्रजांचे २० अंश आणि ५ दिवस सोडून आपण २७ अंश आणि ३ दिवस धरले, ते आपल्या हवेला धरूनच. पण गुरुवारी लावलेली बाटली रविवारी वाचावी लागते, म्हणून आमच्याकडे गुरुवारी नमुने कमीच यायचे. हे सोडून देऊ. खरी फसगत विषारी सांडपाण्यात होते. त्यात बाटलीतले जिवाणूच मरतात. खाणारं कोणी उरत नाही, ऑक्सिजन तसाच राहतो, आणि घाण पाण्याचा बीओडी देखणा दिसतो. सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन, त्याला जिवाणू लागत नाहीत. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळलं की बहुतेक सेंद्रिय घाण हिशेबात येते. बीओडी कमी आणि सीओडी भरमसाट, अशी जोडी दिसली की शंका घ्यायची, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५५ आपल्या राज्यात. इतके दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हते. ही यादी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की नाही, यावर ठरते. म्हणून विनंती: मार्च ते मे निदान एक नमुना सूर्योदयाआधी घ्यावा, प्रत्येक आकड्याशेजारी घेतल्याची वेळ छापावी, आणि बीओडीजवळ सीओडी द्यावा. नवी यंत्रं लागणार नाहीत. पहाटेच्या फेरीसाठी जीप आणि चालकाचा भत्ता मात्र लागेल. तेवढी तरतूद व्हावी.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, कोल्हापूर जिल्हा