दिवाळी अंक योजना : आधी अंक मोजा, मग सभासद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र आले की तालुक्याच्या आणि लहान गावांच्या वाचनालयांत फळ्यावर ‘दिवाळी अंक योजना, नावनोंदणी सुरू’ असे लिहिलेले दिसते. एकदा वर्गणी भरायची आणि दिवाळी अंक एकेक करून घरी नेऊन वाचायचे, अशी ही योजना. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शंभर वर्षे कधीच उलटून गेली. आज एकेका अंकाला अडीचशे-तीनशे रुपये पडतात. घरात दोन-तीनपेक्षा जास्त अंक येणे अवघडच, त्यामुळे बाकीचे वाचायला वाचनालय हाच आधार. एरवी वर्षभर न फिरकणारी माणसेही या योजनेसाठी पायरी चढतात. म्हणूनच ती ढिसाळपणे चाललेली पाहवत नाही.

सगळ्यात मोठी चूक नावनोंदणीतच होते. वर्गणी कमी ठेवायची आणि येईल त्याचे नाव लिहून घ्यायचे, हा प्रघात. मग सभासद शंभर आणि अंक सत्तर. सत्तर जणांच्या घरी एकेक अंक गेला की मांडणी रिकामी, आणि बदलायला आलेला माणूस हात हलवत परत जातो. दोनदा असे झाले की तो पुन्हा येत नाही.

हिशेब उलट्या बाजूने करावा. समजा, ६० वेगवेगळे अंक घ्यायचे आहेत आणि त्यांतल्या मागणीच्या ३० अंकांची दुसरी प्रत. एकूण ९० प्रती. सरासरी किंमत ३०० रुपये धरली तर २७,००० रुपये. विक्रेत्याने २० टक्के सूट दिली तर २१,६००. आता सभासद प्रतींच्या ८० टक्केच घ्यायचे, म्हणजे ७२. वर्गणी आली प्रत्येकी ३०० रुपये. सगळ्यांच्या हाती एकेक अंक असतानाही मांडणीवर १८ उरतात, निवडायला वाव राहतो. ७२ नावे झाली की नोंदणी बंद. त्यानंतर कोणी आलेच तर त्याच्या वर्गणीतून आणखी प्रत आणावी, मगच नाव लिहावे. हा खर्च शासकीय अनुदानाच्या भरवशावर ठेवू नये. ते हप्त्यांनी येते आणि ऐन दिवाळीत हाती असेलच असे नाही.

दुसरी प्रत कशाची घ्यायची, हे कार्यकारिणीच्या आवडीवर सोडू नये. गेल्या वर्षीच्या देवघेवीच्या नोंदी पाहाव्यात. भविष्य, पाककृती, रहस्यकथा आणि विनोद यांच्या अंकांवर पहिले तीन आठवडे उड्या पडतात. वैचारिक अंक हळू चालतात, पण शेवटपर्यंत चालतात. त्यांची एक प्रत पुरते.

अंक देण्याआधी थोडे काम असते, ते टाळले की पंधरा दिवसांत पाने सुटतात. जाड अंकांची पाठ नुसत्या डिंकाने चिकटवलेली असते. पाठीपासून एक सेंटिमीटर आत दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने टाचून घ्यावे. वर खाकी कागद घालू नये, कारण लोक मुखपृष्ठ पाहूनच अंक उचलतात. पारदर्शक प्लॅस्टिक घालावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. तो पिवळा पडतो आणि शेजारचे पान धरतो. पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवावी. खळीत चिमूटभर मोरचूद टाकले की कीड लागत नाही, मात्र ती खळ मुलांच्या हाती लागू देऊ नये. ‘आवाज’ या विनोदी अंकातल्या उघडून पाहायच्या चित्रखिडक्या सर्वांत आधी फाटतात, त्यांच्या घडीला मागून आधीच पट्टी लावलेली बरी. मुलांच्या अंकांतली कोडी पेन्सिलीने भरून येतात. त्या पानांच्या झेरॉक्स काढून बालविभागात ठेवल्या तर अंक कोरा राहतो आणि मुलेही खूश.

मुदत तीन दिवसांची असावी. भाऊबीजेपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत एका वाचकाचे तीसेक अंक आरामात होतात. आठवड्याची मुदत ठेवली तर जेमतेम पंधरा. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र कार्ड हवे, म्हणजे कुठला अंक कोणाकडे आहे हे एका नजरेत कळते. नुसती सभासदाच्या नावाची वही ठेवली की हरवलेला अंक शोधायला सगळी पाने चाळावी लागतात.

आणि मार्चनंतर काय? बहुतेक ठिकाणी सुतळीने करकचून गठ्ठे बांधतात आणि ओल धरणाऱ्या भिंतीशी रचतात. सुतळीने कडा कापल्या जातात, उरलेले काम वाळवी करते. दुसऱ्या प्रती शंभर रुपयांप्रमाणे सभासदांना विकाव्यात. तेवढ्यात प्लॅस्टिक-दोऱ्याचा खर्च निघतो. पहिल्या प्रती खोक्यांत उभ्या, भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सूची. लेखकाचे आडनाव, लेखाचे नाव, प्रकार, अंक, वर्ष, पान, एवढे सहा रकाने पुरतात. साठ अंकांचे दीड हजारांच्या आसपास लेख होतात. रोज पंचवीस नोंदी केल्या तर दोन महिन्यांचे काम. फक्त ते कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्येच टंकलिखित करावे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिचडा होतो आणि शोध लागत नाही. अशी सूची हाती असली की स्थानिक इतिहासावर किंवा एखाद्या लेखकावर काम करणाऱ्याला आपल्याच गावात कितीतरी मजकूर सापडतो.

शेवटी एक विनंती आपल्याकडे. आपल्या ‘दिवाळी अंक स्वागत’ सदरात पोच बरेचदा डिसेंबरात येते. तोवर वाचनालयांची खरेदी होऊन गेलेली असते. निदान अंकाचे नाव, किंमत, मुख्य विषय आणि मिळण्याचे ठिकाण एवढे दिवाळीआधी चार दिवस छापलेत, तर कोणत्या अंकाच्या दोन प्रती घ्यायच्या हे लहान वाचनालयांना वेळेत ठरवता येईल.

आपला,
एक ग्रंथपाल