मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती, तास किती

प्रिय सुहास,

अंतर साडेबारा हजार किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी नऊशे, तर मग काका-काकूंच्या मुंबई-न्यूयॉर्क विमानाला चौदाऐवजी सोळा तास का दाखवतात, हा तुझा प्रश्न रास्त आहे.

अंतर तू बरोबर काढलंस. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ही सर्वांत जवळची वाट सुमारे १२,५४० किलोमीटरची आहे. ती भिंतीवरच्या नकाशात दिसायची नाही. पृथ्वीगोल घे आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धर. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ वर, पण दोरा चढत चढत थेट ६५ अंशांच्या आसपास, आइसलँडजवळ जातो आणि मग खाली वळतो.

विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. वळसा ५०० किलोमीटरचा धर, पस्तीस मिनिटं तिथेच गेली. वळशाचं इंधनही निघतानाच भरावं लागतं. ते वजनात बसत नसेल तर वाटेत युरोपात उतरून भरतात.

खरा फरक वाऱ्याचा. ११ किलोमीटर उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. जाताना तो सरासरी ताशी ५० ने समोरून आला, तर वेग ८५० उरतो: पावणेपंधरा तास. येताना तोच पाठीशी असला तर सव्वातेरा. जाण्याच्या पावणेपंधरा तासांत धावपट्टीपर्यंत जाणं, रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या मिळून चाळीस मिनिटं आणि वळशाची पस्तीस मिळव. झाले तुझे सोळा तास! म्हणून परतीचा वेळ जाण्याच्या वेळेवरून कधीच ठरवू नकोस.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री २ ला निघून त्याच सकाळी साडेआठला पोचणार असं लिहिलं असेल, तर दिसतात साडेसहा तास. उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवला की सोळा. परतीला तोच फरक वजा करायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर मागे जातात. काका-काकू त्यानंतर परतणार असतील तर साडेदहा धर. काकांच्या इन्सुलिनसाठी डॉक्टरांना नुसती घड्याळातली वेळ नको, हे मोजलेले तासही सांग.

थांबा घेतला की अंतर फार वाढतं, असं नाही. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे जेमतेम २०० किलोमीटर जास्त. वेळ जातो तो मधल्या विमानतळावर. तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी असते, टर्मिनल बदलावं लागू शकतं. दीड तासाचं कनेक्शन कागदावर चालतं, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं की दुसरं हुकलंच. काकूंचे गुडघे पाहता मी तीन तासांहून कमी घेणार नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घे, म्हणजे पहिल्याला उशीर होऊन दुसरं हुकलं तर पुढची सोय कंपनीवर येते. आणि व्हीलचेअरची नोंद दोन्ही विमानांसाठी झालीय ना, ते फोन करून विचार.

तुझा,
अजित