ज्येष्ठांच्या कामात उतरतेयस, त्याबद्दल

प्रिय शैला,

तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप बरं वाटलं. तू या कामात पडावंस असं मला कधीपासून वाटत होतं, बोलले नव्हते इतकंच. कमिटीने तुला आरोग्य, घर आणि प्रवास असे तीन विषय दिलेत आणि आता सुरुवात कुठून करू म्हणून विचारतेयस. फोनवर बोलायला घेतलं तर आपण दुसरीकडेच भरकटू, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, सवडीने वाच.

पहिली गोष्ट म्हणजे तीन विषयांच्या तीन फायली करू नकोस. ऑफिसांना तसंच सोयीचं असतं, आरोग्य खात्याकडे एक अर्ज, घरांचं बघणाऱ्यांकडे दुसरा, बसवाल्यांकडे तिसरा, आणि तिघंही आपापलं उत्तर देऊन मोकळे होतात. पण म्हाताऱ्या माणसाचा दिवस असा खात्यांमध्ये वाटलेला नसतो गं. त्याला पलंगावरून उठून डॉक्टरपर्यंत पोचायचं असतं आणि परत पलंगापर्यंत यायचं असतं, आणि या वाटेत एक जागा जरी अडली तरी बाकी सगळ्या सोयी असून नसल्यासारख्या.

आमच्या शेजारच्या काकांचं सांगते. खुब्याचं ऑपरेशन झालं, अगदी छान झालं, डॉक्टर चांगले होते, कुणाबद्दलच तक्रार नाही. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख आणि सकाळची वेळ लिहिलेली, खाली फिजिओथेरपी सुरू ठेवा असंही. आता काका राहतात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हातात वॉकर, मुलगी दुसऱ्या गावी. जिना उतरायला दोन माणसं लागणार, खाली गाडी लागणार, आणि बसमध्ये तर त्यांना चढताच येत नव्हतं कारण पायरी गुडघ्याच्या आसपास येते. मग काय, तारीख गेली, त्याच्या पुढचीही गेली. नंतर मी त्यांच्यासोबत गेले तेव्हा फाइलमध्ये लिहिलेलं दिसलं, ‘रुग्ण आला नाही’. एवढंच. का आला नाही हे लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. म्हणजे दवाखान्याच्या हिशोबात काका बेफिकीर पेशंट, बसवाल्यांच्या हिशोबात ते प्रवासीच नाहीत कारण ते कधी चढलेच नाहीत, आणि घराच्या हिशोबात तर काय, त्यांना घर आहे, प्रश्न मिटला. तिन्हीकडे कागद व्यवस्थित आणि माणूस घरात अडकलेला. मला तेव्हा इतका राग आला होता की बस.

म्हणून तू दवाखान्याकडे पहिली मागणी हीच कर की न आलेल्या पेशंटना फोन करून कारण विचारा आणि लिहून ठेवा. याला खर्च जवळपास नाही, पण हा आकडा एकदा हातात आला ना की तोच आकडा घेऊन तुला बसवाल्यांकडे आणि घरांवाल्यांकडे जाता येतं. माझ्या मते सगळ्या कामात सगळ्यात उपयोगाचा कागद हाच.

खाती एकमेकांशी बोलत नाहीत म्हणजे काय होतं याचं एक उदाहरण देते. इंग्लंडमध्ये २००८ पासून ज्येष्ठांना देशभर लोकल बसचा मोफत पास आहे, चांगलीच योजना आहे. पण कायद्याने जी सवलत मिळते ती कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपासून, गर्दी टाळायला. काही ठिकाणी स्थानिक प्रशासनाने ती वेळ अलीकडे आणलीय, सगळीकडे नाही. आता ज्याची तपासणी सकाळी नऊला त्याने काय करायचं? पास देणाऱ्याचं चुकलं नाही, अपॉइंटमेंट देणाऱ्याचंही नाही, दोघांना एका टेबलाशी बसवणारं कुणी हवं. ते कुणी म्हणजे तू आणि तुझी कमिटी.

आता माहिती कशी गोळा करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना सोयीची शहरं कशी असावीत यावर एक मार्गदर्शिका काढली, त्यासाठी ३३ शहरांमध्ये काम झालं आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी आधी ज्येष्ठांनाच बसवून विचारलं, तुम्हाला कुठे अडतं, कुठे बरं वाटतं. त्यातून आठ विषय निघाले, बाहेरच्या मोकळ्या जागा आणि इमारती, प्रवास, घर, लोकांत मिसळणं, मान, कामात आणि कारभारात सहभाग, माहिती मिळणं, आणि आरोग्यसेवा व आधार. तुझे तीन त्यात आहेतच, पण बाकीचे पाच वाचून ठेव कारण लोक बोलायला लागले की तेच बाहेर येतं.

तूही तेच कर. चारपाच जणांना गाठ, वेगवेगळ्या तब्येतीचे, आणि त्यांच्यासोबत एकेकदा दवाखान्यापर्यंत जा. स्वतः जा हं, फॉर्म भरून घेऊ नकोस. वही घेऊन जा आणि फक्त लिहीत राहा, कुठे थांबले, कशाला धरलं, कुठे बसायला जागा नव्हती, कुठे कुणी ओरडलं, बस त्यांनी सीट धरायच्या आधीच सुटली का. सिग्नलला मोबाईलवर वेळ लाव. बऱ्याच ठिकाणी सिग्नलचा हिशोब सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाचा असतो, आणि इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ६५ च्या वरचे बहुतेक लोक त्यापेक्षा हळू चालतात असं दिसलं, म्हणजे ते अर्ध्या रस्त्यात असताना गाड्या सुटणार. सिंगापूरने २००९ पासून यावर साधा उपाय केलाय, ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबावरच्या मशीनला लावलं की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. बघ, तेरा सेकंद. कुणाचं काय जातं त्यात?

आणि एक गोष्ट जी लोक आपणहून सांगत नाहीत, विचारावी लागते, तीही एकटीला आणि हळू आवाजात. बाहेर जायचं असेल त्या दिवशी कितीतरी बायका सकाळी पाणी पीत नाहीत, लघवीची गोळीसुद्धा टाळतात, कारण वाटेत बाथरूम नाही. हार्टसाठी दिलेली तीच गोळी हार्टच्या डॉक्टरकडे जायच्या दिवशीच चुकवायची! डॉक्टरला वाटतं पेशंट औषध नीट घेत नाही. हे मला एका आजींनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वच्छतागृह कुठल्या खात्याच्या यादीत येतं ते मला माहीत आहे, पण माझ्या यादीत ते आरोग्याखाली येतं, आणि तुझ्याही यावं.

घराचं मात्र मी जरा जास्त लिहिणार आहे कारण त्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं, घर म्हणजे खासगी बाब, त्यात कमिटी काय करणार असं म्हणून सोडून देतात. पडण्यामुळे जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, आणि त्यात साठीच्या पुढचे सर्वाधिक. आणि पडतात कुठे, तर पुष्कळदा घरातच. रात्री उठून बाथरूमला जाताना, ओल्या फरशीवर, उंबऱ्याला पाय अडकून, सरकणाऱ्या पायपुसण्यावरून. तू कुठल्याही ज्येष्ठाच्या घरी गेलीस की बाथरूममधला टॉवेलचा दांडा बघ. तो हलत असेल. कारण कमोडवरून उठताना त्यालाच धरून उठतात, आणि तो दोन छोट्या स्क्रूवर टॉवेलचं वजन पेलायला लावलेला असतो, माणसाचं नाही. त्याच्या जागी भिंतीत नीट ठोकलेला ग्रॅब बार, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, उंबरा काढून सपाट केलेली जागा, एवढ्याने खूप फरक पडतो. जपानमध्ये २००० साली जो दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला त्यात हे सगळं बसतं, दांडे लावणं, पायऱ्या-उंबरे सपाट करणं, उकिडवं बसायचा संडास बदलून खुर्चीसारखा करणं. म्हणजे घरातली दुरुस्ती हा त्यांनी शुश्रूषेचाच भाग धरलाय. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर मागा, आणि मिळेपर्यंत तुमच्यातलेच एखाददोन हाताने काम जाणणारे लोक गाठून सुरू करा.

भाड्याने राहणाऱ्यांचं वेगळं दुखणं आहे, भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते आणि परवानगी मागितली तर घर सोडायला सांगतील ही भीती. एकट्या म्हाताऱ्या माणसाला घर द्यायलाच लोक कां कूं करतात. इथे एकट्यादुकट्याने भांडून काही होत नाही, कमिटीने लेखी मागायचं की अशा दुरुस्तीला परवानगी नाकारता येऊ नये. आणि कुणी म्हणालं की त्यापेक्षा यांना एखाद्या वृद्धाश्रमात हलवा, तर विचार की त्यांना हलायचंय का. काहींना खरंच हवं असतं, त्यात वाईट काही नाही. पण बहुतेकांना जिना नसलेलं घर हवं असतं आणि ते त्याच गल्लीत हवं असतं, जिथे दोन दिवस दिसले नाहीत तर कुणीतरी दार वाजवेल.

मीटिंगबद्दल. मीटिंगला जे येतात ते येऊ शकणारे असतात, हे कायम डोक्यात ठेव. ज्यांची गरज सगळ्यात मोठी ते घरात असतात, त्यांना कमी ऐकू येतं, त्यांना संध्याकाळी अंधारात दिसत नाही, किंवा ते आजारी बायकोला सोडून निघू शकत नाहीत. त्यांच्याकडे तुम्ही जायचं. आणि बोलायचं त्यांच्याशीच. मुलगा शेजारी बसला असला की सगळे त्यालाच विचारतात, “यांना काय होतंय?” अरे, समोर बसलेत ना ते, त्यांना विचारा की! मी तर आता सरळ खुर्ची फिरवून त्यांच्याकडे तोंड करून बसते. मुला-सुनांचं ऐक, पण वेगळं ऐक, कारण सांभाळणाऱ्यांचेही हाल असतात आणि ते आईबापांसमोर बोलता येत नाहीत.

डेन्मार्कमध्ये यासाठी पक्की व्यवस्था आहे, तिथे १९९७ पासून प्रत्येक नगरपालिकेत ज्येष्ठांची निवडून आलेली परिषद असणं कायद्याने बंधनकारक आहे, ६० च्या वरचे मत देतात, आणि ज्येष्ठांशी संबंधित कुठलाही निर्णय घेण्याआधी नगरपालिकेने त्यांचं मत घ्यायलाच हवं. निर्णयाचा अधिकार त्यांना नाही, पण आधी विचारावं लागतं यातच अर्धं काम होतं, कारण बस बंद झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा बंद करायचं ठरत असताना तिथे बसलेलं केव्हाही बरं. तुमच्याकडे कायदा नसला तरी तुम्ही मागू शकता की बजेट ठरायच्या आधी आम्हाला एक बैठक द्या. आधी हं. बजेट मंजूर झालं की सगळे गोड बोलतात आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

अर्ज एका पानाचा ठेव, जास्त लिहिलंस तर वाचत नाहीत. मागणी अशी हवी की झाली की नाही हे कुणालाही बघून सांगता यावं. “ज्येष्ठांसाठी वाहतूक सुधारावी” असं लिहिलंस तर त्याचं काहीही होणार नाही. “दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर पाठ टेकायची सोय असलेला बाक बसवावा, आणि ड्रायव्हरने वॉकर किंवा काठीवाला प्रवासी सीटवर बसेपर्यंत बस हलवू नये अशी लेखी सूचना द्यावी” असं लिही. कुणी करायचं त्याचं पद लिही, तारीख माग, आणि त्या तारखेला आठवणीचं पत्र टाक. काम झालं तर आभाराचं पत्रही टाक, मनापासून टाक, खालच्या माणसांना कुणी कधी शाबासकी देत नाही आणि पुढच्या वेळी तीच माणसं फाइल पुढे सरकवतात. जमलं तर साहेबांना एकदा वॉकरवाल्या आजोबांसोबत बसमध्ये चढवून बघ, माझा अनुभव आहे, त्यानंतर चर्चा फार करावी लागत नाही.

कुणीतरी म्हणेलच, म्हाताऱ्यांचे एवढे लाड कशाला. अशा वेळी खालच्या पायरीच्या बसचा फायदा पोटुशीला, लेकुरवाळीला, पाय मोडलेल्यालाही होतो हे सांग, ते खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबू नकोस. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्येच ज्येष्ठांसाठी तत्त्वं मान्य केलीत, स्वावलंबन, सहभाग, शुश्रूषा, आत्मविकास आणि प्रतिष्ठा. ते हक्काने मागतायत, उपकार नकोयत त्यांना. हे न चिडता पण स्पष्ट बोल, तुला जमतं ते, मला आवाज चढवल्याशिवाय जमत नाही.

आणि हो, पहिल्या काही महिन्यांत एकच मार्ग धर, एकच दवाखाना आणि तिथे जाणारी एकच बस, आणि त्या वाटेवरची घरं. सगळ्या भागाचं एकदम घेतलंस तर दमशील आणि लोकांचाही उत्साह जाईल. त्या एका वाटेवर दोन बाक, एक सिग्नल आणि पाचसहा बाथरूम नीट झाली की दुसऱ्या गल्लीतले आपणहून येतील, आमचं कधी म्हणून.

पहिली यादी केलीस की मला पाठव, अर्जाचा मसुदा मी बघून देते. आणि तुझ्या आईला घेऊन तू दवाखान्यात जातेसच ना, मग पुढच्या वेळी वही तिच्यापासूनच सुरू कर, फक्त तिला आधी विचारून. तारीख कळव, मला जमलं तर मीही येते बरोबर.

तुझीच,
नीता