खुले पत्र: कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे कुठे अडली?

माननीय रेल्वेमंत्री,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, आहे. गेल्या आठवड्यात पुण्याजवळच्या चाकणच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आमचं काम बंद केलं. मालात खोट नव्हती. "तुमचं वाहतुकीचं भाडं परवडत नाही. इकडे शेड टाका, काम देतो," एवढंच ते म्हणाले.

साहेब, कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, धंदा वजनाचा. माल जड, किलोला भाव कमी. भाडं किलोमागे दोन रुपयांनी वाढलं की नफा संपला. शिवाय आम्ही भाडं दोनदा भरतो. साच्यांची वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याहून ट्रकने घाट चढून येते, पिग आयर्न (कच्चं लोखंड) गोवा-होस्पेटकडून येतं आणि तयार माल पुण्याला जातो. इथल्या फाउंड्र्या वाढल्या त्या ऑइल इंजिनं आणि उसाच्या चरकांवर. तेव्हा गिऱ्हाईक दारात होतं, आज ते अडीचशे किलोमीटरवर आहे.

काम गेलं तशी भट्टी एका पाळीवर आणली. विजेचा डिमांड चार्ज (ठरावीक आकार) तेवढाच, कर्जाचा हप्ता तेवढाच, माल निम्मा. म्हणजे उरलेलं प्रत्येक कास्टिंग आणखी महाग पडतं, आणि आता उरलेली गिऱ्हाइकंही भावावरून कुरकुरतात. साचे भरणाऱ्या पोरांना "उद्यापासून येऊ नका" सांगावं लागलं. त्यातल्या दोघांचे बापही माझ्याकडेच होते. रात्री झोप लागत नाही.

घाटातलं हे ट्रकचं भाडं ज्याने वाचेल, तो कोल्हापूर–वैभववाडी मार्ग २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. जेमतेम १०७ किलोमीटर, खर्च सुमारे ३,४०० कोटी. रूळ कुठे आहेत? कोल्हापूर संस्थानाने १८९१ मध्ये इथे रेल्वे आणली. कोकण रेल्वे १९९८ पासून वैभववाडीवरून धावते. मधला सह्याद्री तेवढा ओलांडायचा राहिला आणि दरवर्षी आम्हाला सर्वेक्षणाच्या बातम्या वाचायला मिळतात.

राज्य सरकार १९६४ पासून मागास भागात कारखाने जावेत म्हणून सवलती देतं. ती सवलत भाड्यातच जाते. मग कारखानदार पुन्हा पुणे-मुंबईच्या पट्ट्यात जमिनीसाठी रांग लावतो आणि सिंधुदुर्गातली पोरं मुंबईच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. गर्दी तिकडे म्हणून रस्ते तिकडे, रस्ते तिकडे म्हणून गर्दी तिकडे. सरकार कोणत्याही पक्षाचं येवो, आमच्या वाट्याला कोनशिलेचं आश्वासन येतं.

भूसंपादन कोणत्या महिन्यात सुरू होणार, यंदा प्रत्यक्ष किती कोटी दिले आणि पहिली मालगाडी कोणत्या वर्षी येणार, हे लेखी कळवा. चाकणला शेड टाकायची की नाही, हे मला दिवाळीच्या आत ठरवायचं आहे.

आपला,
शिरोलीचा एक फाउंड्रीवाला